लाईन गेल्यावर चालू होणारा सीओटू बॅकअप: लॅबवाल्यांनो, आधी एवढं करून घ्या

लोडशेडिंगमुळं आपल्याकडच्या लॅबमध्ये उणे 80 अंशाच्या फ्रीजरला सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, बॅकअप लावतात, म्हणजे लाईन गेली अन् फ्रीजर तापायला लागला की व्हॉल्व्ह आपोआप उघडते अन् सिलिंडरमधला लिक्विड सीओटू आत सुटते, सॅम्पल वाचतात. पण तो गॅस फ्रीजरमध्ये थोडीच राहते, तो खोलीत येते, अन् नेमका त्याच वेळी एक्झॉस्ट फॅन बंद असते कारण लाईनच नाही, वरून एसीसाठी खिडक्या पॅक. खरा धोका इथंच आहे भाऊ.

पहिले खोलीचं गणित करा. 1 किलो सीओटूचा साधारण 540 लिटर गॅस होते. 10 बाय 12 ची 10 फूट उंच खोली म्हणजे जवळपास 34 हजार लिटर. म्हणजे अडीच किलो सुटला तरी 4 टक्के झाले, अन् 4 टक्क्यात माणसानं थांबायचंच नाही, 10 च्या वर तर काही मिनिटात शुद्ध जाते. सिलिंडर 30 किलोचा असते, आता तुम्हीच पहा.

मग अलार्म. बरेच जण ऑक्सिजन मीटर लावून मोकळे होतात, ते इथं चालत नाही. सीओटू 5 टक्के झाला तरी ऑक्सिजन 20.9 वरून फक्त 19.9 च्या आसपास येते, अन् मीटर बहुतेक 19.5 ला वाजते, म्हणजे माणूस पडला तरी मीटर गप्प. सीओटूचाच सेन्सर घ्या, 5000 पीपीएमला, म्हणजे अर्ध्या टक्क्याला, पहिला इशारा ठेवा, अन् तो जमिनीपासून फूट-दीड फुटावर लावा कारण हा गॅस हवेच्या दीडपट जड आहे, खाली साचते. एक डिस्प्ले दाराच्या बाहेर पाहिजेच. सेन्सर, डिस्प्ले अन् एक्झॉस्ट तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या, अन् एक्झॉस्टची जाळी वर नको, खाली ठेवा.

अलार्म वाजत असताना आत कोणी पडलेला दिसला तर धावत जाऊ नका. जुन्या विहिरीत एक बेशुद्ध झाला की काढायला दुसरा उतरते अन् दोघंही जातात, अगदी तसंच होते इथं. बाहेरूनच सिलिंडर बंद करता आला पाहिजे, म्हणून सिलिंडर खोलीबाहेर ठेवा. साधा मास्क काही कामाचा नाही, पाठीवर हवेच्या सिलिंडरचा सेट घातलेला माणूसच आत जाईल, तोवर दारं-खिडक्या बाहेरूनच उघडा अन् 112 ला फोन करा.

आता बाहेर ठेवा म्हटलं तर लोक टिनाच्या शेडात ठेवतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं 45 च्या वर जाते, अन् 31 अंशाच्या वर सीओटू लिक्विड राहतच नाही, प्रेशर झपाट्यानं चढते, सेफ्टी डिस्क (जास्त प्रेशरला फुटणारी चकती) फुटून सगळा गॅस एकदम बाहेर. वरून बॅकअपला लिक्विडच मिळत नाही, म्हणजे गरज पडली तेव्हाच काम बंद. उत्तरेच्या भिंतीला, जाड सावलीत, मोकळा वारा लागेल असं ठेवा, साखळीनं बांधून. सेप्टिक टँक, खड्डा, तळघर जवळ नको.

पाईपच्या दोन व्हॉल्व्हच्या मधात लिक्विड अडकलं तर तापून पाईप फाटू शकते, तिथं जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे का ते बसवणाऱ्याला विचाराच. पाईप जाम झाला तर ठोकू नका, आत ड्राय आईसचा बूच असते अन् तो सुटला की गोळीसारखा येते.

सिलिंडरमध्ये किती उरला हे गेजवर कळत नाही, लिक्विड आहे तोवर काटा हलत नाही. वजन करा, अन् रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असते.