सेंटर कुठंय?

सोलापुरात बास्केटबॉलमध्ये सहा फूट उंची म्हणजे सेंटर, रिंगखाली उभा राहणारा टीममधला सगळ्यात उंच गडी, विषय संपला. अकरावीत ग्राउंडवर पाय ठेवला, सरांनी एकदा खालून वर बघितलं आणि बोर्डाखाली उभं केलं. पुढची पाच वर्षं मी तिथंच. इंटरकॉलेज गाजवलं, विद्यापीठाकडून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ खेळून आलो, पेपरात फोटो आला. मग हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला लीगच्या ट्रायलला गेलो.

फॉर्मवर 'पोझिशन' असा रकाना होता. ऐटीत 'सेंटर' लिहिलं. टेबलामागच्या कोचनी फॉर्म वाचला, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. सेंटर कुठंय ते शोधत होते बिचारे.

मला गार्डला टाकलं, म्हणजे बॉल पुढं नेणाऱ्याच्या जागी. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडं न्यायचा, एवढंच काम. समोरच्या पोरानं मला डावीकडं वळायला लावलं आणि बॉल काढून घेतला. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्यांदा बॉल माझ्याच बुटावर आपटून बाहेर गेला. दहा मिनिटांत मीही बाहेर.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं चांगलं चाललंय असं वाटत असतानाच हे होतं. कॉलेजला स्पर्धेची ढाल हवी असते. उंच पोरगा रिंगखाली ठेवला की ढाल येते. 'रिबाउंड घे (म्हणजे चुकलेला शॉट पकड), बॉल गार्डला दे, पुढं पळ' हेच रोज ऐकायचं. बॉल आपटत दोन ड्रिबल जास्त मारले की शिवी. म्हणजे पाच वर्षांत प्रमाणपत्रांची फाइल फुगते आणि हातात बॉल टिकत नाही. सरांची चूक आहे का? मला तरी वाटत नाही. त्यांना त्या वर्षीची मॅच जिंकायची होती. पुढची दहा वर्षं माझी होती, विचार मी करायला हवा होता. विशेष भृगुवंशी भारताचा कर्णधार होता, उंची सव्वासहा फुटांच्या वर, आणि खेळायचा गार्ड. सतनाम सिंग सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या डॅलस मॅव्हरिक्स टीमनं त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत ५२व्या क्रमांकावर घेतलं, तरी एनबीएच्या मुख्य हंगामात एकही मॅच मिळाली नाही. आता आपले सहा फूट कुठं बसतात ते बघा.

घाबरू नका, हात सुधारतो. परत आल्यावर रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांनी मला धरलं. माझा ड्रिबल बघून म्हणाले, "डावा हात काय घड्याळ बांधायला ठेवलास काय बे?" दुसऱ्या दिवशी टॉवेलनं माझा उजवा हात कमरेला बांधला. आपला सोलापुरी टॉवेल, भिजला की गाठ सुटता सुटत नाही. रोज पहाटे साडेपाच ते सात, नुसता डावा. एप्रिल-मेमध्ये सातनंतर सिमेंटवर उभं राहवतच नाही. पहिला महिना बॉलमागं पळण्यातच गेला. आठ महिन्यांनी बॉलकडं न बघता चालायला लागलो.

उडी वाढवायचे ऑनलाइन कोर्स घेऊ नका. मी घेतला होता. पैसे गेले, वर गुडघा दुखला तो वेगळाच. रील टाकणारा कोच तुमचा उजवा हात बांधायला येणार नाही.

आणखी एक. आमच्या ग्राउंडवरची थ्री पॉइंटची रेष, जिच्या मागून शॉट गेला की तीन गुण, ती जुनीच, ६.२५ मीटरची. नियम २०१० मध्ये बदलून ६.७५ झाला, रंग कुणी बदलला नाही. तिथून सराव केलेले माझे शॉट पुण्यात रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडत होते. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा.

डिग्री सोडू नका, हे मात्र दरडावून सांगतो. यूबीए ही आपल्याकडची बास्केटबॉल लीग २०१५ ला आली, २०१७ नंतर दिसली नाही. आपल्याकडचे बरेच चांगले खेळाडू रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या नोकरीतच खेळले. सरकारी भरतीत राज्याचं ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, त्यासाठी ती फाइल जपून ठेवा. मघाशी तिला नावं ठेवली तरी.

दुसऱ्या ट्रायलला रकान्यात 'गार्ड' लिहिलं. घेतलं, पण बेंचवर. पहिल्या मॅचला चार मिनिटं मिळाली. एकदा डाव्या हातानं बॉल पलीकडं नेला आणि पास चुकला. रात्री काकांना फोन केला. ते म्हणाले, "नेला ना? मग उद्यापासून पास."