वाळूजच्या पोरांची ताई-दादा होण्याआधी

पुढच्या रविवारपासून तुम्ही रांजणगाव-बजाजनगरच्या पोरांसोबत अभ्यासाला बसणार. बिहार, यूपी, ओडिशातून आई-बापाच्या मागं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आलेली, 14 ते 18 वयाची ही मुलं. तुम्ही त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

पहिलं काम घरी बसूनच करायचं. आपण स्वतः कधी परके होतो ते कागदावर लिहून काढा. मी गेवराईची. पुण्यात पहिल्या वर्षी वर्गात ‘का’ऐवजी आपलं ‘कामून’ म्हणाले, सगळे हसले. पुढं दोन महिने मी हात वर केला नाही. बीडकडच्या कितीतरी घरांतून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं कारखान्याला जातात. त्या लेकरांची शाळा कशी सुटते हे आपल्याला कुणी सांगायला नको. हे लिहून झालं की ‘बाहेरची पोरं’ हा शब्द सहसा तोंडात येत नाही.

मग भाषा. इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे हिंदी माध्यमात नाव घातलं तरी सुटका नाही. अडतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपली म्हणजे छडी. तिकडची ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडं टिंगल. ‘चेष्टा करू नको’ असं बाईंनी दटावल्यावर एका पोरीनं खरंच अभ्यास बंद केला होता! अशा शब्दांची वही आधीच करून ठेवा. भोजपुरी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘शाळा’ची ‘शाला’ होणारच, पहिल्या महिन्यात टोकू नका. ओडियात मात्र ‘ळ’ आहे. ओडिशाच्या पोराला म्हणून दाखवायला सांगा, त्याचाही भाव वाढतो. शहरातल्या दखनी बोलीतली ‘हौ’ (हो) आणि ‘नक्को’ही समजावून सांगा. रिक्षावाला तेच बोलतो अन् पुस्तकात ते कुठंच नसतं.

फायलीत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 आणि 5 ची झेरॉक्स ठेवा. 2009 चा हा कायदा सांगतो की 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. ही झेरॉक्स मुख्याध्यापकांना चहा पिता पिता दाखवायची, भांडायला जायचं नाही. पुढं नववी-दहावीला या कायद्याच्या जोरावर भागत नाही. गावाकडच्या काकाला फोन लावून दाखला मागवायचा, आणि तो लवकर येत नाही हे धरूनच चालायचं.

1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये घाला. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द कधीच देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाका: तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर अत्याचार होत असेल ते सोडून बाकी सगळं माझ्यापाशी राहील.

कुणाला विद्यापीठात येमेन किंवा सुदानच्या विद्यार्थ्यांबरोबर बसायचं असेल तर तिथलं पथ्य वेगळं. ‘घरी कधी जाणार?’ हा आपला नेहमीचा प्रश्न तिथं विचारायचा नाही. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध पेटलंय, येमेनमध्ये त्याच्याही कितीतरी आधीपासून. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे बहुतेकांचा इथला मुक्काम व्हिसावर टिकून असतो. व्हिसाबद्दल ऐकीव सल्ला देऊ नका, विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयापर्यंत सोबत जा.

वेळ ठरवताना बापाची शिफ्ट विचारा; रात्रपाळी करून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेला असताना तिथं पाढे म्हणता येत नाहीत. पाणी कोणत्या दिवशी येतं तेही विचारा. त्या दिवशी मुली येत नाहीत, आणि आपण हजेरीत ‘रस नाही’ लिहून मोकळे होतो. वेळ ठरली की मोडायची नाही. मी एकदा गावाकडं लग्नाला गेले आणि कळवायचं राहिलं. एक पोरगा अंधार पडेस्तोवर पायरीवर बसून होता. पुढचे तीन रविवार तो आला नाही, चौथ्याला आला तो मागच्या रांगेत बसला.

कार्तिकात छठला, म्हणजे बिहारकडच्या सूर्यपूजेच्या सणाला, निम्मा गट गावी जाईल, काही जण महिनाभर येणार नाहीत. निघण्याआधी कुठवर शिकवलं ते ज्याच्या त्याच्या वहीत लिहून द्या. परत येताना ठेकुआ, म्हणजे छठचा गोड पदार्थ, आणतील. डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुम्हाला माहीतच आहे. धपाटे घालून द्या, तिखट जरा कमी.