लहानपणी जांघेत ऑपरेशन झालंय? लग्नाआधी हे तपासून घ्या

माझ्या उजव्या जांघेत दोन बोटं लांब व्रण आहे, पाच वर्षांचा असताना ऑपरेशन झालेलं, घरात सगळे नुसतं हर्नियाचं म्हणायचे. स्थळं यायला लागली तसा डोक्यात किडा वळवळायला लागला की उजवी गोटी (वृषण) बारकी वाटायलीय, लेकरं होतील का नाही. दोन वर्षं कुढत काढली अन् तपासणीला लागला एक दिवस, म्हणून सांगायलोय.

पहिलं काम, ऑपरेशन नेमकं कशाचं होतं ते शोधा. हर्निया, अंडकोषात पाणी भरणं, किंवा गोटी खाली उतरलीच नाही म्हणून ती खाली आणून बसवणं, तिन्हीचा व्रण जवळपास एकाच जागी असतो पण अर्थ वेगळा. अंडकोषाच्या पिशवीवरबी बारीक व्रण असला तर बहुतेक तिसरं. जुना कागद सापडला तर उत्तम, नाही तर आईला विचारा, वडील "झालं होतं काहीतरी" म्हणून मोकळे होतात. माझी आई म्हणली, "आरं हर्निया होताच, पण गोटीबी वर होती की तुझी." पंचवीस वर्षांनी कळलं हे!

आता यानं होतं काय, तर लहान लेकरात वीर्याची नळी अन् गोटीच्या रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक, हर्नियाच्या पिशवीला (पोटातून बाहेर आलेल्या पडद्याला) चिकटलेल्या. क्वचित नळीला इजा होते किंवा रक्त कमी पडून गोटी सुकते, आतडं अडकून घाईत केलेल्या ऑपरेशनात हा धोका जास्त. वर राहिलेल्या गोटीचं दुखणं निराळं, तिला पोटातली उष्णता सोसत नाही, ती बीज बनवणाऱ्या पेशी गमावते, जितका उशीर तितकं नुकसान. तरी एकाच बाजूचं असलं तर दहातले नऊ बाप होतात, म्हणजे इतरांसारखंच, दोन्ही बाजूंचं असलं तर दहातले सहा-सात.

गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर उभं राहून दोन्ही गोट्या बोटांनी चाचपा. एक खाली लोंबणं किंवा थोडा फरक असणं नॉर्मल. एक अगदीच बारकी, वर चढलेली किंवा तिच्यात कडक गाठ लागली तर सर्जन नाही तर युरोलॉजिस्टकडं जा, सोनोग्राफी सांगतील. गोटी उतरली नव्हती अशांना गोटीच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो, ऑपरेशन झालं तरी, म्हणून महिन्यातून एकदा चाचपायची सवय लावा.

खरं उत्तर मात्र वीर्य तपासणीतच. दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला पाहिजे, त्यामुळं गावाकडून डबीत घालून एस्टीनं नेऊ नका, लॅबमध्येच द्या. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या हिशोबानं एका मिलीत 1 कोटी 60 लाखांच्या वर शुक्राणू असले तर काऊंट ठीक, पण ही पास-नापासची रेघ नाही. कमी आला तर घाबरून जाहिरातीतल्या वैदूकडं पळू नका, ताप आला असला तरी काऊंट पडतो अन् नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेवढं थांबून पुन्हा करा. दोनदा शून्य आलं तर रक्तात एफएसएच (गोटीला शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) अन् टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासतात. गोट्या बऱ्या, एफएसएच नॉर्मल अन् काऊंट शून्य, तर नळी बंद असल्याचा संशय, त्यात गोटीतून सुईनं शुक्राणू काढून टेस्ट ट्यूब बेबी करता येतं. अन् जिमवाल्यांचं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका, त्यानं काऊंट उलटा पडतो.

माझा काऊंट बरा निघाला. इथं लग्नाला वर्ष झालं नाही तोच अगोदर बाईला दवाखान्यात फिरवतात, व्रणवाल्यानं तरी आपली तपासणी आधी करावी, ती स्वस्त बी आहे.

घरात बारकं पोरगं असलं तर तेल लावून न्हाऊ घालताना कोमट पाण्यात बघा. गोटी थंडीनं वर जाते अन् परत खाली येते, तर काळजी नाही. सहा महिन्यांनीबी हाताला लागतच नसली तर डॉक्टरला दाखवा, ऑपरेशन वयाच्या सहा ते अठरा महिन्यांत व्हायला पाहिजे. आमच्याकडं "मोठा झाला की उतरंल" म्हणणारे लई, माझ्या आजीनंबी तेच सांगितलं होतं.