घर विकायला काढलंय? फरशीच्या या चुका टाळा

फोन साधारण असा येतो. "ताई, फ्लॅट विकायचाय. आठ दिवसांत फरशी चकाचक करून द्या. जुनी तोडायची नाही, वरूनच टाइल मारू." माझं उत्तर ठरलेलं असतं : आधी फरशी नीट धुवा, मग बोलू. गेली १९ वर्षं मी पुण्यात जुने फ्लॅट दुरुस्त करून विक्रीला उभे करून देते. लोक जी फरशी झाकायला निघालेले असतात, ती बऱ्याचदा वर येणाऱ्या टाइलपेक्षा उजवी असते.

मोझॅकवर टाइल मारणं

ही माझी सगळ्यात आवडती, म्हणजे डोकं फिरवणारी चूक. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारत ऐंशीच्या दशकातली. मालक परदेशात, कारभार सगळा व्हॉट्सॲपवर. फरशी मोझॅकची, पिवळ्या-काळ्या खड्यांची, एकही लादी खचलेली नाही. फक्त वर तीस-पस्तीस वर्षांचा मळ. मी म्हटलं, पॉलिश करू, आठवडा द्या. त्यांचं म्हणणं, "मोझॅक आता कोण घेतं?" काम दुसऱ्याकडे गेलं. वर्षभराने फ्लॅट विकला जात नाही म्हणून पुन्हा माझ्याकडे आले.

पहिली गोष्ट उंचीची. नऊ मिलिमीटरची टाइल आणि खाली चिकटवायचा माल, म्हणजे फरशी जवळपास दीड सेंटीमीटर वर येते. सगळी दारं खालून रंधली होती आणि एका दाराचं लॅमिनेट तिथूनच सुटत होतं. भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा उघडेचना. बाल्कनीतही टाइल मारली होती, त्यामुळे तिथली फरशी सरकत्या दाराच्या पट्टीला येऊन भिडली आणि जूनच्या पहिल्याच पावसात पाणी थेट हॉलमध्ये.

दुसरी गोष्ट चिकटवण्याची. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती धरत नाही, तिला टाइल ॲढेसिव्ह लागतं. इथे ॲढेसिव्ह होतं, पण मिस्त्रीने चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे पाच लाडू ठेवून टाइल दाबली होती. दातेरी थापीने माल सगळीकडे ओढायला वेळ लागतो ना! खालच्या मोझॅकवरचं मेण खरवडलेलं नाही, पकड यावी म्हणून छिन्नीने टोचे मारलेले नाहीत. टाइल एकमेकींना खेटून, कारण "गॅप दिसला की वाईट दिसतं". मे महिन्यातल्या एका दुपारी हॉलमध्ये धाडकन आवाज झाला. शेजाऱ्यांनी दार उघडून बघितलं तर दोन टाइल एकमेकींवर डोकं टेकून उभ्या. उन्हाने फुगलेल्या टाइलला सरकायला जागाच नव्हती.

त्या टाइल बदलल्यावर एक काकू फ्लॅट बघायला आल्या. पर्समधून किल्ली काढली आणि हॉलभर टाइलवर टकटक करत फिरल्या. ठक, ठक, ढब. ठक, ढब, ढब.

"खाली काय होतं हो?"

"मोझॅक."

"अहो, मग बुजवलंत कशाला?"

टाइल तोडण्याचा आणि राडारोडा उचलण्याचा खर्च त्यांनी किमतीतून वजा करून मागितला. मालकांनी मुकाट दिला.

टाइलवर टाइल कधीच मारू नये असं मी म्हणत नाही, स्वतःही मारते. पण आधी जुनी फरशी किल्लीने वाजवून घेते. पोकळ वाजली तर तोडायची. मग प्रत्येक दाराखाली किती जागा आहे ते मोजते. बाल्कनी आणि न्हाणीघर यांना हातच लावत नाही. वजनाचंही भान ठेवा. ६०० चौरस फुटांवर एवढ्या जाडीच्या टाइलचंच वजन टनाच्या वर जातं, माल वेगळा. स्लॅब जुना असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. आणि दोन टाइलमध्ये २ मिलिमीटरचा स्पेसर. यावर माझ्याशी वाद घालू नका.

रंग आधी, पॉलिश नंतर

मोझॅकचा वरचा खड्यांचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा घासता येते. यंत्राला आधी खरखरीत दगड लागतात, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी ऑक्झॅलिकची पावडर. घासताना पाणी सोडत राहावं लागतं आणि घरभर आंबीलीसारखी करडी मळी होते. ती उडून भिंतीवर फूटभर वर बसते. नुकताच रंग दिलेला असेल तर तो गेलाच म्हणून समजा. तरी दर दिवाळीआधी कोणीतरी आधी रंगारी बोलावतंच. माझा क्रम असा : जाड घासाई, मग रंग, मग शेवटचा बारीक हात.

आणि ती मळी न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यात, ढकलू नका. पोरं खराट्याने ढकलून मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी ती पाइपात दगडासारखी बसते आणि खालच्या मजल्यावरचे जोशी किंवा शेख किंवा जे कोणी असतील ते वर येतात. मी ट्रॅपवर पोतं बांधायला लावते, मळी सुपलीने बादलीत भरायला लावते आणि गोणीत वाळवून राडारोड्याबरोबर पाठवते. यंत्रवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

ॲसिड

ही चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्यातलं दुसरं वर्ष. मालकाला संध्याकाळीच गिऱ्हाईक दाखवायचं होतं आणि कोटा दगडाच्या फरशीवर रंगाचे थेंब पडलेले. मदतीच्या पोराने विचारलं, "ताई, ॲसिड मारू का?" मी फोनवर होते, मान हलवली. त्याने अख्खी बाटली ओतली. कोटा, शहाबादी, संगमरवर, मोझॅकमधले खडे, सगळं चुन्याच्या जातीचं. ॲसिड पडलं की फेस येतो, आपल्याला वाटतं घाण निघतेय आणि प्रत्यक्षात फरशीच विरघळत असते. हिरवट कोट्यावर पांढरे, खरबरीत डाग पडले. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. वर उरलेली बाटली रात्रभर बंद घरात अर्धवट बुच लावून राहिली, तर सकाळी नव्या बिजागऱ्यांवर गंजाचे ठिपके. पॉलिश माझ्या खिशातून पुन्हा केलं.

आता रंगाच्या थेंबावर ओलं फडकं टाकून चहा प्यायला जाते. आल्यावर ब्लेड आडवं धरून थेंब उचलते. एका खोलीला तासभर लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

बाकीच्या, थोडक्यात

नवीन टाइल घ्यायचीच असेल तर दुकानातल्या झगमगाटात पसंत करू नका. एक टाइल घरी आणा, खिडकीजवळ आडवी ठेवा, ओल्या पायाने उभे राहा.

खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर प्रत्येक खोक्याचा बघा. गुजरातमधल्या मोरबीहून आलेला एकाच नावाचा माल दोन बॅचमध्ये वेगळा दिसतो, आणि तो फरक लावल्यावरच कळतो.

दहा बाय दहाच्या खोलीला दोन बाय चारच्या टाइल? कोपऱ्यात नुसती कापाकापी. दोन बाय दोन घ्या.

लॅमिनेटचं लाकडी फ्लोअरिंग कोकणातल्या किंवा तळमजल्यावरच्या घरात नको. आपल्याकडे रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसतात. त्याच्या कडा फुगणारच.

ओल रंगाखाली लपवू नका. पावसाळ्यात ती परत येते आणि तोवर गिऱ्हाईकाने टोकन दिलेलं असतं. न्हाणीघरात ४८ तास पाणी साठवून बघा आणि खालच्यांच्या छतावर नजर ठेवा.

तोडफोड असेल तर सोसायटीला आधी लेखी कळवा. राडारोडा जिन्यात ठेवून सेक्रेटरीशी भांडलात तर विक्रीच्या वेळी गाठ त्याच माणसाशी आहे.

एक चूक फरशीची नाही, पण मला दर वर्षी दिसते. लोक फरशीवर लाखभर घालतात आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. "मी नॉमिनी आहे ना," म्हणतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीच्या वारसांचं काय ते आधी वकिलाकडून मिटवा. ते होईपर्यंत माझ्याकडे येऊ नका, पॉलिश वाया जाईल.

आणि माळ्यावर उरलेल्या जुन्या टाइलचं अर्धं खोकं असेल तर घर रिकामं करताना भंगारात देऊ नका. ती शेड आता बाजारात मिळत नाही. खोक्यावर "हॉल" किंवा "किचन" असं मार्करने लिहून तिथेच राहू द्या. फ्लॅट बघायला आलेल्याला मी ते मुद्दाम माळ्यावरून खाली काढून दाखवते.