लॅम्प्समध्ये ग्राफीन-पॉलिथिलीनच्या पत्र्यावर गोळी झाडताना

लॅम्प्स म्हणजे अणूंच्या हालचाली कॉम्प्युटरवर चालवून बघायचा प्रोग्राम. पत्रा ४० × ४० नॅनोमीटरचा घ्या: वर-खाली ग्राफीनचा (एक अणू जाडीचा कार्बनचा थर) एकेक थर, मध्ये २ नॅनोमीटर पॉलिथिलीन. ग्राफीनच्या प्रत्येक थरात सुमारे ६१,००० अणू येतात, पॉलिथिलीनमध्ये पावणेचार लाख. एअरेबो पोटेन्शियलला, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या अणूंमधली बलं काढणाऱ्या सूत्राला, हे ओझं बऱ्यापैकी आहे, लॅपटॉपच्या नादी लागू नका.

सगळ्यात आधी एअरेबोची फाइल उघडा. कार्बन-कार्बनचा आतला कटऑफ, म्हणजे ज्या अंतरापासून बंध सूत्रात विरायला लागतो तो आकडा, तिथे १.७ अँगस्ट्रॉम (०.१७ नॅनोमीटर) असतो. तसाच ठेवला तर ताणलेला बंध तुटायच्या आधी खोटाच कडक होतो आणि पत्रा आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो. बहुतेक जण तो १.९२ ते २.० च्या दरम्यान नेतात.

पॉलिथिलीन ५०० केल्विनपर्यंत तापवून सावकाश ३०० वर आणा. आडव्या दिशांचा दाब शून्य ठेवा. घनता ०.८५ ते ०.९५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये बसली नाही, तर साखळ्या अजून सैलावलेल्या नाहीत. मग कडेची १ नॅनोमीटरची पट्टी गोठवा, म्हणजे तिथले अणू हलू देऊ नका.

गोळी म्हणजे ५ नॅनोमीटर व्यासाचा हिऱ्याचा गोल, अंदाजे ११,५०० अणू, रिजिड, म्हणजे आकार न बदलणारा. तिला एअरेबोत ‘नल’ द्या (म्हणजे एअरेबो तिला वगळेल) आणि पत्र्याशी फक्त लेनर्ड-जोन्सने, म्हणजे बंध न बनवणाऱ्या साध्या ओढ-ढकलीच्या सूत्राने, जोडा. नाहीतर गोळीचे कार्बन ग्राफीनला चिकटतात. रिजिड फिक्स (गोळी एकसंध हलवणारी आज्ञा) लावलेल्या अणूंवर एनव्हीई (ऊर्जा कायम ठेवून अणू पुढे सरकवणारी आज्ञा) पुन्हा लावू नका. त्यांचं इंटिग्रेशन दोनदा होतं. लॅम्प्स इशारा देतो, पण लॉगमध्ये तो वाचतं कोण!

झाडताना थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारी आज्ञा) बंद, शुद्ध एनव्हीई. चालू राहिला तर धडकेची उष्णता तोच पिऊन टाकतो. टाइमस्टेप ०.१ फेम्टोसेकंद. लॅम्प्सच्या ‘मेटल’ युनिटमध्ये ३ किमी/से म्हणजे ३० अँगस्ट्रॉम प्रति पिकोसेकंद, ‘रिअल’ युनिटमध्ये ०.०३ अँगस्ट्रॉम प्रति फेम्टोसेकंद. इथली चूक फार जणांना भोवते. गोळी लेनर्ड-जोन्सच्या कटऑफबाहेर, पत्र्यापासून १५ अँगस्ट्रॉमवर ठेवा; ४ पिकोसेकंद, म्हणजे ४०,००० स्टेप पुरतात.

ग्राफीनमध्ये ताणाची लाट साधारण २० किमी/से ने धावते, म्हणजे २ पिकोसेकंदांत ती कडेवर आपटून परत येते. ३ किमी/से ला तोवर गोळी ६ नॅनोमीटर सरकलेली असते, म्हणजे पत्रा बहुतांशी फुटून झालेला. १ किमी/से ला जेमतेम २. कमी वेगासाठी पत्रा मोठा करा, नाहीतर मोजाल ती कडेची पकड.

आता हिशोब. समजा गोळी ३ ने आत गेली, २.२ किमी/से ने बाहेर आली. गमावलेली ऊर्जा सुमारे ४.८ × १०⁻¹⁶ ज्यूल. तिला गोळीखालच्या चकतीच्या (गोळीएवढ्या व्यासाच्या पत्र्याच्या तुकड्याच्या) वस्तुमानाने, ६.६ × १०⁻²³ किलोग्रॅमने भागलं की ७.२ मेगाज्यूल प्रति किलो येतात. पण चकतीला गोळीच्या वेगाने ढकलायलाच वेगाच्या वर्गाच्या निम्मे, ४.५ मेगाज्यूल लागतात. ते कुठल्याही पदार्थाला लागतील. पदार्थाची स्वतःची कमाई उरलेली २.७. म्हणून दोन नमुन्यांची तुलना एकाच वेगावर करा, आणि प्रत्येक वेगाला किमान पाच वेगवेगळे सीड (अणूंचे सुरुवातीचे यादृच्छिक वेग ठरवणारे आकडे) चालवा.