सातारा हिल हाफ मॅरेथॉन : पहिल्यांदाच घाट धावणाऱ्यांसाठी

सातारा रनर्स फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही आता महाराष्ट्रभरच्या हौशी धावपटूंची हक्काची पावसाळी शर्यत झाली आहे. सपाट रस्त्यावर एक-दोन अर्धमॅरेथॉन (सुमारे २१ किलोमीटर) पूर्ण केलेला माणूस पहिल्यांदा या शर्यतीत नाव नोंदवतो, तेव्हा त्याच्या मनात साताऱ्यालगतच्या यवतेश्वर घाटाच्या चढाची धास्ती असते आणि पुढचे तीन-चार महिने तो केवळ चढाचाच विचार करतो. शर्यतीच्या दिवशी मात्र वळणापर्यंत उत्तम धावलेली कितीतरी माणसे परतीच्या वाटेवर मांड्या दाबत रस्त्याच्या कडेला थांबलेली दिसतात. चढावर छाती भरून येते, पण तो दम दोन मिनिटे चालले तरी परत मिळतो. उतारावर थकलेले स्नायू त्या दिवशी पुन्हा ताजे होत नाहीत. म्हणून या शर्यतीची तयारी उतार डोळ्यांसमोर ठेवून करावी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सूचना त्याच मताने लिहिल्या आहेत.

मार्ग आधी नीट समजून घ्यावा. शर्यत सातारा शहरातून निघते, समर्थ मंदिर आणि बोगदा या परिसरातून यवतेश्वर घाटाला लागते, घाट चढून कास पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही अंतर जाते आणि तेथून वळून त्याच वाटेने शहरात परतते. पहिला निम्मा भाग बहुतांशी चढाचा आणि दुसरा निम्मा बहुतांशी उताराचा, अशी त्याची साधी विभागणी आहे. चढ घाटाच्या पायथ्याशी सुरू होतो अशी नवख्यांची समजूत असते, पण सातारा शहर स्वतःच डोंगराच्या उतरणीवर वसलेले असल्याने शहरातील रस्त्यांपासूनच पायांखाली चढ असतो आणि आरंभीच्या उत्साहात तो जाणवत नाही. वर्षागणिक तपशील बदलू शकतात. त्या वर्षीचा नकाशा, पाण्याची ठिकाणे आणि शर्यत पूर्ण करण्याची कमाल मुदत आयोजकांच्या पत्रकात वाचून घ्यावी.

ज्याने निदान १० किलोमीटर अंतर न थांबता, फारसे न थकता धावून पाहिले आहे आणि ज्याच्या हातात तीन-चार महिने आहेत, त्याने नाव नोंदवावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, किंवा चाळिशी उलटल्यावर धावायला सुरुवात केली असेल, तर नोंदणीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. हे केवळ औपचारिक वाक्य समजू नये.

चढाचा सराव

आठवड्यातून चार दिवस धावणे हौशी माणसाला पुरते. त्यांपैकी दोन दिवस सावकाश, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा गतीने धावावे. एक दिवस चढ-उतारासाठी ठेवावा आणि रविवारी लांब अंतर धावावे. लांब अंतर दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवत १८ ते २० किलोमीटरपर्यंत न्यावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. चढाच्या दिवशी दीड-दोन मिनिटे धावता येईल असा मध्यम चढ निवडून सुरुवातीला चार वेळा आणि पुढे आठ वेळा तो चढावा. चढताना पावले आखूड ठेवावीत, नजर पुढे दहा-पंधरा पावलांवर असावी, हात मागे-पुढे हलावेत आणि कंबरेतून वाकू नये, कारण वाकले की श्वास आखडतो.

पुण्यातील धावपटूंना सिंहगडाचा रस्ता आणि बोपदेव घाट जवळ आहेत. ठाण्या-मुंबईकडच्यांना येऊर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीकडे जाणारा रस्ता उपयोगी पडतो. कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा आहेतच. मुंबई मॅरेथॉन धावलेल्यांना पेडर रोडचा चढ आठवत असेल, पण तो लवकर संपतो. यवतेश्वरचा घाट संपता संपत नाही, म्हणून महिन्यातून एकदा तरी चार-पाच किलोमीटरचा सलग चढ असलेल्या रस्त्यावर जावे. मराठवाड्यात किंवा विदर्भात राहणाऱ्या अनेकांच्या आसपास घाट नसतो. त्यांनी उड्डाणपुलावर, वाहतूक सुरू होण्यापूर्वी आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फेऱ्या माराव्यात.

उताराचा सराव

उतारावर धावताना दम लागत नाही, म्हणून तो भाग विश्रांतीचा वाटतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रत्येक पाऊल जमिनीवर पडते तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचे वजन आवरून धरावे लागते. ते आकुंचन पावण्याचा प्रयत्न करत असतात आणि त्याच वेळी ताणलेही जात असतात. या ओढाताणीत स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, त्यांची ताकद शर्यतीतच कमी होऊ लागते आणि खरे दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांदरम्यान एकदा चढाच्या आणि एकदा उताराच्या दिशेने होते. महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या धावपटूंना विचारले, तर उताराच्या वर्षी पाय अधिक सोलवटून निघाल्याचे त्यांच्यापैकी बरेच जण सांगतात.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी, की स्नायू हा मार लवकर शिकतात. एकदा बेताचा उतार धावून पाय दुखले, की पुढचे काही आठवडे तशाच उताराने त्यांना कमी इजा होते. त्यामुळे शर्यतीपूर्वीच्या आठ-दहा आठवड्यांत दर आठवड्याला थोडा तरी उतार धावलाच पाहिजे. अनेक मंडळी सिंहगड धावत चढतात आणि गाडीने खाली येतात. या शर्यतीसाठी त्याचा निम्माच उपयोग आहे. सुरुवात एक किलोमीटरच्या सौम्य उताराने करावी आणि हळूहळू चार-पाच किलोमीटरपर्यंत जावे. शेवटचा लांब उतार शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी धावावा, म्हणजे दुखणे ओसरते आणि शिकवण टिकते.

उतारावर धावण्याची रीतही शिकावी लागते. घाबरलेला माणूस मागे रेलतो, पाय लांब टाकतो आणि टाचेने ब्रेक लावतो. प्रत्येक पावलाचा दणका मग गुडघ्यात जातो. शरीर घोट्यापासून किंचित पुढे झुकवावे, गुडघा थोडा वाकलेला ठेवावा, पाऊल आखूड आणि भरभर टाकावे आणि ते शक्यतो शरीराच्या खालीच पडू द्यावे. हात थोडे बाहेर राहिले तर तोल सांभाळायला मदत होते. पाऊल जमिनीवर आपटल्याचा आवाज मोठा येत असेल, तर पाऊल लांब पडते आहे असे समजावे.

याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा घरी व्यायाम करावा. आपल्या आखाड्यातील बैठका यासाठी उत्तम आहेत. त्यात फक्त एवढाच बदल करावा, की खाली जाताना मनात चार अंक मोजत अगदी सावकाश जावे आणि वर झटकन यावे. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय हळूहळू खालच्या पायरीला टेकवणे आणि पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश खाली सोडणे, एवढे दोन प्रकार आणखी केले तरी पुरे. ज्यांना जिम लावणे शक्य नाही त्यांनी हळहळू नये.

शर्यतीचा आठवडा

शेवटचे दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर आणावे. या काळात केलेल्या जादा सरावाचा फायदा शर्यतीत मिळत नाही, थकवा मात्र सोबत येतो. नवे बूट, नवे मोजे आणि नवा टीशर्ट साताऱ्यात पहिल्यांदा वापरू नये. ओल्या रस्त्याचा विचार करून तळ घासलेले बूटही टाळावेत. साताऱ्यातील निवासाच्या खोल्या त्या शनिवार-रविवारसाठी फार लवकर भरतात, म्हणून नोंदणी झाली की त्याच आठवड्यात राहण्याची सोय पाहावी. बिब, म्हणजे छातीवर लावायची धावपटूच्या क्रमांकाची पट्टी, आणि धावण्याची वेळ नोंदवणारी टायमिंग चिप शर्यतीच्या आधी घ्यावी लागते, हे धरूनच प्रवास ठरवावा. बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहायला जागा असते. ती रिकामी सोडू नये.

शनिवारी साताऱ्यात पोहोचलेल्या मंडळींना कास पठार आणि अजिंक्यतारा खुणावतात. कासला फुलांचा हंगाम असतो, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे, पण तीन-चार तासांची ती भटकंती रविवारी पायांतून वसूल होते. कास रविवारी दुपारनंतर पाहावे. शनिवारी फक्त गाडीने घाटातून एकदा जाऊन यावे आणि वळणे, चढाचा तीव्र भाग आणि रस्त्याची स्थिती पाहून ठेवावी. रात्रीचे जेवण लवकर आणि रोजचेच असावे : वरण-भात, पोळी, साधी भाजी. तांबडा-पांढरा रस्सा आणि कंदी पेढे शर्यत संपेपर्यंत थांबू शकतात.

शर्यतीची सकाळ

सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी केळे, ब्रेड-जाम किंवा थोडे पोहे यांपैकी सरावाच्या दिवसांत पोटाला मानवलेले काहीतरी खावे. पावसाळी हवेत कपडे अंगाला चिकटतात आणि कातडी सोलते, म्हणून काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात पेट्रोलियम जेली लावावी. पुरुषांनी छातीवर चिकटपट्टी लावावी. जाड रेनकोट घालून धावू नये. सुरुवातीच्या जागी थांबताना अंगावर पातळ प्लास्टिकचे आच्छादन ठेवले तरी पुरते.

गर्दीत मागे उभे राहावे लागले तर वाईट वाटून घेऊ नये. आपण सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ चिप वेगळी मोजते. पहिले तीन किलोमीटर लोक ढोल-ताशांच्या गजरात आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवणाऱ्या सातारकरांच्या कौतुकात वाहून जातात. हे कौतुक खरेखुरे असते. बंगल्यांच्या दारात पहाटे उभी राहिलेली आजी-आजोबांची आणि शाळकरी मुलांची रांग या शर्यतीचे वैभव आहे आणि त्यांना हात उंचावून दाद जरूर द्यावी. गती मात्र आपली आपणच राखावी.

घाट लागला की घड्याळातील दर किलोमीटरची वेळ पाहणे बंद करावे. सपाटीवर ७ मिनिटांत किलोमीटर धावणाऱ्याने यवतेश्वरच्या चढावर तीच गती धरण्याचा हट्ट केला, तर माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याच्याकडे परतीसाठी काही उरत नाही. श्वास हेच चढाचे माप ठेवावे : तीन-चार शब्द बोलता येत असतील तर गती योग्य आहे, एकही शब्द निघत नसेल तर चालावे. चालण्यात कमीपणा नाही. चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट झपझप चालणे असा क्रम सुरुवातीपासून ठेवणारे धावपटू, दमून चालू लागलेल्यांना माथ्याच्या आधी गाठतात. परतीचे वेगवान धावपटू त्याच रस्त्याने समोरून येत असतात, म्हणून आपली बाजू सोडू नये आणि चालायचे झाल्यास कडेला यावे.

पाण्याच्या ठिकाणी सगळेच एकदम पहिल्या टेबलावर झडप घालतात. पुढच्या टेबलांवर तेच पाणी गर्दीविना मिळते. तहान लागेल तसे घोट-दोन घोट प्यावे. थंड, धुकट हवेत घाम जाणवत नाही म्हणून अजिबात न पिणे जसे चूक, तसेच प्रत्येक ठिकाणी पूर्ण पेला रिचवणेही चूक आहे. अति पाण्याने रक्तातील सोडियम घटते आणि ते पाणी कमी पडण्याहून धोकादायक ठरू शकते. इलेक्ट्रॉल किंवा मीठ लावलेली संत्र्याची फोड मिळाल्यास घ्यावी. रिकामा पेला रस्त्याच्या मध्ये टाकू नये, कारण मागून येणाऱ्याचा पाय त्यावरून घसरतो. शर्यतीच्या आधी किंवा दरम्यान वेदनाशामक गोळी घेऊ नये. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात काही गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

वळणानंतरचा पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून धावावा. पठारावरचे लहान चढ-उतार संपून खरी घसरण लागते तेथे शेकडो लोक सुसाट सुटतात, आणि त्यांच्यातलेच बरेच जण शहरात शिरता शिरता पोटऱ्यांत गोळे येऊन थांबतात. रस्त्याच्या कडेचे शेवाळे आणि पांढरे रंगवलेले पट्टे पावसात निसरडे असतात. त्यांवर पाय देऊ नये. गोळा आलाच तर थांबून स्नायू सावकाश ताणावा, चालावे आणि मग पुन्हा आखूड पावलांनी सुरुवात करावी. छातीत दुखणे, भोवळ येणे, थंडी वाजून अंगावर काटा येणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर जवळच्या स्वयंसेवकाला सांगून तिथेच थांबावे. शहरात शिरल्यावर पाय शाबूत असतील, तर शेवटचे दोन किलोमीटर मनसोक्त धावावे. राखून ठेवलेली ताकद त्यासाठीच असते.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटे चालत राहावे. ओले कपडे ताबडतोब बदलावेत, अर्ध्या तासात काहीतरी खावे आणि स्वतः गाडी चालवून लगेच पुण्या-मुंबईला निघू नये. सोमवारी आणि मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. ते अपेक्षितच आहे. त्या दिवसांत चालणे किंवा सायकल एवढेच करावे. जिना सरळ उतरता येऊ लागला, की त्यानंतर दोन दिवसांनी सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश धावून पाहावे आणि पुढचे दोन आठवडे उताराच्या रस्त्यावर जाऊ नये. दुखणे एकाच गुडघ्यात किंवा एकाच जागी असेल, अथवा आठवड्यानंतरही तसेच असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला, तर मात्र आठवडा न थांबता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.