गावातल्या अभ्यासिकेमागे गाव कसं उभं करायचं

संध्याकाळची अभ्यासिका अनेकदा किल्लीवरून बंद पडते. किल्लीवाला परगावी गेला की कुलूप, आणि आठवडाभरात मुलं पांगतात. म्हणून उद्घाटनाआधी कामं वाटून घ्या.

सुरुवातीचे पंधरा दिवस दिवेलागणीनंतर घरोघरी जा, आया कामावरून परतलेल्या असतात तेव्हा. पंचवीस मुलांची यादी होईपर्यंत सभा बोलावू नका. ‘मदत कराल ना?’ म्हटलं की सगळेच हो म्हणतात, आणि त्या होकारातून पुढे काही निघत नाही. नेमकं मागा: एक सतरंजी, आठवड्यातली एक संध्याकाळ, किंवा साडेसातला आपल्या आळीतल्या मुलांना घरी सोडणं. हे शेवटचं काम सगळ्यात आधी ठरवा. अंधारात परतायची सोय नसेल तर मोठ्या मुली पहिल्यांदा गळतात.

शाळेची खोली हवी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिथे ७५ टक्के सदस्य पालकच असतात. समाजमंदिर हवं असेल तर विषय ग्रामसभेत न्या. नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकलला गेलात तर तोवर निम्मी सभा उठलेली असते.

वीजबिलाचा प्रश्न निघणारच. २० वॅटच्या चार ट्यूब आणि ७५ वॅटचे दोन पंखे, रोज दोन तास, महिन्यातले २५ दिवस: साडेअकरा युनिट. हा आकडा कागदावर मांडून न्या. ठराव झाला की नक्कल मागून घ्या. सरपंच बदलले की तोंडी शब्द राहत नाही.

किल्ल्या तीन करा: शिकवणाऱ्या ताईंकडे एक, बचत गटाकडे एक, शेजारच्या घरी एक. देणगी पावतीवरच घ्या आणि महिन्याचा जमाखर्च दारावर लावा. देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र टाळा. अभ्यासिका एका गटाची ठरली की दुसऱ्या गटाची मुलं येत नाहीत, आणि यात मुलांचा काहीच दोष नसतो.

शाळेतल्याच शिक्षकांना मानधन देऊन शिकवायला बोलावू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने त्यांना खासगी शिकवणीला मनाई आहे. गावातली पदवीला असलेली मुलगी शोधा, तिचं मानधन ठरल्या तारखेला द्या.

सुगीत पालकांच्या पाळ्या चुकतात. त्या दोन महिन्यांचं वेळापत्रक आधीच वेगळं करा आणि घरी असलेल्या आजी-आजोबांची नावं त्यात घाला.